देवाला 'गा' म्हणणारी

माझी सासू देवाला 'गा' म्हणायची. आमच्या झाडीत, गडचिरोलीच्या जंगलपट्टीत, 'गा' म्हणजे तुमच्याकडचा 'रे'. "ये गा, बस गा, काऊन गा इतका उशीर केला?" असं घरच्या माणसाला, सोबत्याला, बांधावरून जाणाऱ्या ओळखीच्याला म्हणायचं. साहेबाला म्हणायचं नाही. माझी सासू बायनाबाई मात्र साऱ्या जगाच्या निर्माणकर्त्याला मोहाची फुलं वेचताना झाडाखालून हाक मारायची, "देवा गा, आज काई पडलंच नाई. जरा हालव ना गा झाड!"

मी चंद्रपूरची. मिशनच्या वसतिगृहात राहून दहावी पास झालेली, आणि ते विसरू न देणारी. माझं नाव सुवार्ता. लग्न होऊन एटापल्लीच्या जंगलातल्या हिरडटोल्याच्या वस्तीत आले, तेव्हा पहिल्याच रविवारी देवळात सासूने उभं राहून प्रार्थना केली आणि मी ओढणीसारखा पदर तोंडावर ओढला. आम्ही ख्रिस्ती; आमचं देऊळ म्हणजे चर्च, एक कौलारू खोली, शेणाने सारवलेली जमीन, आणि बाहेर टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा. बावीस घरांची मंडळी. प्रवचन झालं की ज्याला वाटेल त्याने उठून प्रार्थना करायची. बायनाबाईला दर रविवारी वाटायचं.

"देवा गा, गिरजाबाईची शेळी हरपली. तुले सगळं दिसते म्हणते, मंग शेळी काऊन नाई दिसली गा? पाय जरा."

शेळी सापडली की पुढच्या रविवारी उठून सांगायची, "सापडली गा. बरं केलं." हिशेब चोख. नाही सापडली तरी सांगायची. मी घरी नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या आईला देवाचा जरा धाक नाही." सुकलू आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला होता, शनिवारी घरी यायचा. तो भाकरी मोडत म्हणाला, "धाक कायले? तिचं रोजचं बोलनं हाय त्याच्याशी." एवढं बोलून त्याने वाटी पुढे केली. या घरात माझ्या बाजूने कोणी नाही, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या बाजूचा माणूस आला तो पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत. नवे पाळकसाहेब, रेव्हरंड शांतवन आढाव. नगरकडचे. पांढरा झगा, कडक इस्त्री, आणि बोलणं असं की छापून घ्यावं. मला तर माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. तापात फणफणलेल्या माणसाच्या घरी चिखल तुडवत जायचा, स्वतःच्या पेटीतली गोळी द्यायचा. पण पहिल्या रविवारी बायनाबाई उठली, "देवा गा, हे नवे पाळकभाऊ लई दुरून आले, त्यायले इथचं पानी मानवू दे गा," म्हणाली, आणि साहेबांचा चेहरा पडला.

उपासनेनंतर ते आमच्या दारात आले. "बाई, देव राजांचा राजा आहे. त्याला 'तू' म्हणा, शास्त्रातही 'तू'च आहे. पण हे 'गा'? तुम्ही तहसीलदाराला 'गा' म्हणाल का?"

"नाई म्हनत," सासू म्हणाली. "तहसीलदार माहा कोन हाय? त्याले मी साहेब म्हनतो."

आमच्याकडे बायाही 'मी म्हणतो'च म्हणतात. साहेबांना तेही खटकलं असावं. "मग देवाला?"

"तो माह्या घरचा हाय."

साहेब वळले. जाताना मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. यांना नीट प्रार्थना शिकवा. इथले बाकीचे लोक ऐकतात, हसतात. आपल्या देवाचा मान आपण नाही राखायचा तर कोणी?" मी मान डोलावली. माझ्या कानात फक्त 'शिकलेल्या आहात' एवढंच शिरलं होतं.

मग मी माझं पांडित्य पाजळलं. 'तू'ही नको, म्हटलं, एकदम वरच्या दर्जाचं करू. वहीच्या कागदावर प्रार्थना लिहिली आणि आठवडाभर चुलीपाशी बसून तिच्याकडून घोकून घेतली. "हे स्वर्गीय पित्या, आपण पवित्र आहात, आपण थोर आहात, आपण आम्हां पाप्यांवर दया करावी." ती बिचारी शाळेतल्या पोरीसारखी डोळे मिटून म्हणायची. मध्येच थांबून विचारायची, "सुवार्ता, त्याले हे समजन ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त समजेल," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं.

रविवारी ती उठली. पदर नीट घेतला. हात जोडले. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे स्वर्गीय पित्या! आपन पवित्र आहो. आपन थोर आहो. त्या पाप्यायवर दया करावी!"

आमच्याकडे 'आपण' म्हणजे आपण सगळे. तू, मी, गिरजाबाई. साहेबाला 'आपण' म्हणायची रीत झाडीत नाही. ती पुस्तकात आहे आणि चंद्रपूरच्या वसतिगृहात आहे. तिच्या जिभेने तो शब्द आपल्या जागी नेऊन बसवला आणि पुढचं वाक्य त्याच्या मागे आपसूक गेलं. आपण पवित्र, आपण थोर, आणि पापी ते कोणी दुसरेच. अख्खं देऊळ खो खो हसलं. गिरजाबाईने तर जमिनीवर हात आपटला. बायनाबाई गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी? मी चटईच्या काड्या मोजत बसले. पाळकसाहेबांना वाटलं, बाई मुद्दाम टर उडवते आहे. ते तिथंच म्हणाले, "बायनाबाई, आजपासून देवळात तुम्ही तोंड उघडायचं नाही. मंडळीसमोर माफी मागेपर्यंत प्रभुभोजनही मिळणार नाही."

हसू थांबलं. प्रभुभोजनावरून दूर ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. वर्षात चारदा पाळक पाव मोडतो, ताट फिरवत तुकडा हातावर ठेवतो, मनुकांच्या रसाचा घोट देतो. तेवढंच. पण बायनाबाईचा बाप्तिस्मा झाल्यापासून तीस वर्षांत तिचं एकही चुकलं नव्हतं. तेव्हा इथं देऊळ नव्हतं, अहेरीला चालत जावं लागे. एकदा तर नदीला पूर असताना सागाच्या ओंडक्याला धरून पलीकडे गेली होती, पोटात सुकलू होता. घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि भाकरी करपली तरी उलटेना.

"ताट माह्या पुढून निंगून जाइन का वो?" तिने विचारलं.

"माफी मागा, सोपं आहे," मी म्हणाले. चूक माझी होती हे मला माहीत होतं. 'आपण' मी शिकवलं, हे साहेबांना जाऊन सांगायला दोनशे पावलं चालायची होती. मी चालले नाही. शिकलेल्या बाईचं नाक फार लांब असतं. तीही माझं नाव कुठे बोलली नाही.

मार्चच्या शेवटी माझ्या लेकीला ताप आला. आशा, आठ महिन्यांची. पहिल्या दिवशी वाटलं दातांचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान लुळी पडली. सुकलू डेपोत होता. मी आणि सासू पोरीला घेऊन दोन कोस चालत सडकेवर आलो. बारा वाजता अहेरीची एसटी गाडी यायची, तिथं दवाखाना. कुसुमाच्या झाडाखाली बसलो, पोर सासूच्या मांडीवर.

बारा वाजले. एक वाजला. बायनाबाई सारखी सडकेकडे पाहत होती आणि बोलत होती, "गाडी धाड गा. देवा गा, गाडी धाड. दुसरं काई नाई मागत." ओल्या पदराने पोरीचं कपाळ पुसायची आणि पुन्हा, "गाडी धाड गा." दोनच्या सुमारास ती एकदम गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पोरीला तिच्या मांडीवरून घेतलं तेव्हा मला कळलं.

गाडी त्यानंतर आली. थांबली. कंडक्टर दार उघडून म्हणाला, "चला बाई, लवकर." आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.

सुकलूने डेपोतल्या सागाच्या फळ्यांची पेटी केली. नाल्याकाठी आमची दफनभूमी आहे, तिथं सगळा टोला आला. आमच्या मंडळीचे आले, गोंड शेजारी आले. पाळकसाहेबांनी सुंदर प्रार्थना केली. 'तुझ्या अगाध योजनेत', 'तुझ्या पवित्र इच्छेने', एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेला. मी ऐकत होते आणि माझ्या आत काहीच हालत नव्हतं. मला रडू येत नव्हतं. दोन दिवस आलं नव्हतं. अगाध योजना म्हणे! मला त्या शब्दांचा, माझ्या वहीतल्या कागदाचा, माझ्या दहावीचा संताप आला होता.

'आमेन' झालं. सुकलूने मातीला हात घातला. तेवढ्यात सासू पुढे आली आणि पेटीच्या उशाशी उभी राहिली.

"माह्या तोंडाले देवळात बंदी हाय," ती म्हणाली. "इथी देऊळ नाई. इथी माती हाय. इथी मी बोलन."

साहेब काही म्हणणार होते. सुकलूने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तिने मान वर केली. "काऊन गा?" इतक्या जोरात की सागावरचे पोपट उडाले. "काऊन गा देवा? मी तुले काय मागतलं होतं? गाडी! सोनं नाई मागतलं, शेत नाई मागतलं. रोज येते ते गाडी! तू धाडली. पन कवा धाडली गा? आता काय करू मी त्या गाडीले? झोपला होता का गा? मी हाक मारून राह्यलो होतो, तुले आयकू नाई आली?" तिचा आवाज चिरकला. ती खाली बसली, पेटीवर हात ठेवला. "मी रागावलो हावो तुह्यावर. लई रागावलो. पन तुले सोडून मी जाऊ कुठी? दुसरं हाय कोन माहं, ज्याले मी असं इचारन? हे पोट्टी आता तुह्यापाशी हाय. तिले उचलून घे, तिले खाली ठेवलेलं चालत नाई. अन् उद्या सकाळी मोहाखाली ये. माहं बोलनं बाकी हाय."

तेव्हा मी रडले. गुरासारखी ओरडून रडले. माझ्या मनातलं एकेक तिने बाहेर काढून देवाच्या तोंडावर मारलं होतं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी ते ऐकलं असेल.

तीन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. त्यांचेही डोळे तांबारलेले होते. "बाई, दुःख मी समजतो," ते म्हणाले. "पण सगळ्या गावासमोर तुम्ही देवाला जाब विचारलात. लोक म्हणतील, यांचाच यांच्या देवावर विश्वास नाही. रविवारी ईस्टर, पुनरुत्थानाचा सण आहे. आधी माफी मागा, मग प्रभुभोजन घ्या. नाहीतर ताट पुढे जाईल. मला हे करावंच लागेल."

सासूने त्यांच्यापुढे काळा चहा ठेवला. "पाळकभाऊ, तुमी मागं सांगतलं होतं, देवावर पुऱ्या मनानं माया करा म्हनून. पुऱ्या जिवानं, पुऱ्या ताकदीनं."

"हो. तीच पहिली आणि मोठी आज्ञा."

"मंग माह्या मनात राग बी हाय. तो बाहेर काढून ठेवला, चपलेवानी, अन् उरलेलं मन घेऊन देवळात आलो, तं ते पुरं मन कसं होइन? अर्धं होइन. अर्ध्या मनाची माया मले करता येत नाई."

"रागाला माया म्हणत नाहीत, बाई."

"परक्यावर कोन रागावते?" ती म्हणाली. साहेब उठू लागले, तशी म्हणाली, "चहा प्या. भांडन आपलं हाय, चहानं काय केलं?" त्यांनी उभ्यानेच चहा प्यायला आणि गेले.

ती कणखर बोलली खरी, पण साहेब वळणाआड गेल्यावर त्यांचा रिकामा कप धरून दारातच बसून राहिली. तिला प्रभुभोजन हवं होतं. पोर गेल्यावर तर जास्तच हवं होतं. "त्या पावात तो असते," ती मला म्हणाली. "या आठवड्यात मले तो जवळ पायजे." आणि तरी खोटी माफी मागायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, "म्हणून टाका ना, चुकले म्हणून. शब्दच तर आहेत." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला चंद्रपूरला परत जावंसं वाटलं.

रविवारी देऊळ भरलं. खांबांना आंब्याची पानं, पळसाची वाळत आलेली फुलं. बायनाबाई आपल्या नेहमीच्या जागी, बायकांच्या पहिल्या चटईवर बसली. मी तिच्या डावीकडे, माझ्या पलीकडे गिरजाबाई. गाणी झाली, प्रवचन झालं. अहेरीच्या बाजारातून आणलेला पाव साहेबांनी मोडला आणि ताट घेऊन ते बायकांकडे वळले.

सासूने उजवा तळहात पुढे केला. बोटं मोहाच्या चिकाने काळी पडलेली. साहेब तिच्यापुढे थांबले.

"बायनाबाई, माफी मागितलीत?"

"मागतली."

साहेबांचा चेहरा उजळला. "कोणापाशी?"

"ज्याच्यासंगं भांडलो त्याच्यापाशी. आज सकाळीच."

"काय म्हणालात?"

"म्हनलो, माहं चुकलं असन तं सांग गा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच दाबलं. साहेबांचे ओठ आवळले गेले. ते एक पाऊल पुढे सरकले. तिचा हात तसाच पुढे राहिला, रिकामा. ताट माझ्यापुढे आलं.

मी मूठ मिटली.

"पाळकसाहेब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "त्या दिवशीचं ते 'आपण' मी शिकवलं होतं. वहीत लिहून. सासूबाईंनी टर उडवली नव्हती. माझ्या शहाणपणाचा तो घोटाळा होता, आणि मी दीड महिना तोंड शिवून बसले. मंडळीसमोर माफी मागायची तर ती मी मागते. पण त्यांना नाही तर मलाही नको."

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही तर शिकलेल्या..."

"म्हणूनच चुकले."

"मले बी नाई पायजे," गिरजाबाई म्हणाली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. तिच्यामागे बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं नाही, पण हात आत गेल्याचा आवाज मला कळतो. पुरुषांच्या बाजूला सुकलू खाकरला.

साहेब ताट घेऊन उभे. ते पुढेही जाईनात, मागेही येईनात. घाम त्यांच्या कानामागून झग्यात उतरत होता. शेवटी बायनाबाईच बोलली. हात तसाच पुढे, मान वर. देवळात, बंदी असताना.

"देवा गा, पाय ना. हा तुहा मानूस कवाचा उभा हाय. सकाळपासून उपाशी हाय बिचारा, हात भरून आले असन त्याचे. त्याचं मन चांगलं हाय गा. तू सांग त्याले काय कराचं ते. माहं आयकत नाई."

यावेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी डोळे मिटले. मग एक पाऊल मागे आले, खाली वाकले, आणि तिच्या काळ्या तळहातावर पावाचा तुकडा ठेवला. नेहमीचे शब्द म्हणायचे होते, ते त्यांनी म्हटले नाहीत. नुसतं "घ्या, बाई" म्हणाले.

पुढे ते तीन वर्षं हिरडटोल्यात होते. 'गा' त्यांनी कधी मान्य केलं नाही. दर रविवारी ती उठली की ते जमिनीकडे पाहायचे. पण तिला पुन्हा कधी गप्प केलं नाही.

त्या दिवशी मीही पाव घेतला. आशा गेल्यापासून मी एक शब्द प्रार्थना केली नव्हती. मला येत होत्या त्या सगळ्या वहीतल्या होत्या, आणि वही मी चुलीत घातली होती. पाव जिभेवर विरघळला तरी आत सगळं कोरडंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना टोपली घेऊन मी सासूबरोबर मोह वेचायला गेले. जमिनीवर फुलंच फुलं पडली होती. वेचता वेचता त्या वासात मला पोरीच्या टाळूचा वास आठवला, आणि टोपली तिथंच टाकून मी वर पाहिलं.

"काऊन गा?" मी म्हणाले.

तेवढ्यावर थांबायचं होतं. पण ते थांबेना. काऊन गा, आठच महिने काऊन दिले गा, दात तरी येऊ द्यायचे होते. झाडीच्या बोलीत, बाजारातल्या बायकांसारखी मी भांडत होते, आणि भांडता भांडता मला कळत होतं की समोर कोणीतरी आहे, तो उठून जात नाही आहे. सूर्य वर आला तरी माझं संपलं नव्हतं.

शेवटी पलीकडून सासूचा आवाज आला. तिने पदराने डोळे पुसले आणि मला कोपराने ढोसलं.

"सरक वो जरा. तूच बोलत राह्यशीन, तं तो माहं कवा आयकन?"